ऐकणारी तार, पोसणारी तार

भंडारदऱ्याच्या जलाशयाचा तळ तोच राहतो, वरचे पाणी मात्र दर महिन्याला वेगळे असते. 1926 साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाची भिंत सुमारे 82 मीटर उंच आहे, आणि धरण भरले की तिच्यामागे 11 टीएमसीच्या आसपास पाणी साठते. घाटमाथ्यावरच्या पावसाने साधारण ऑगस्टच्या मध्याला ते भरत येते. पुढे अकोले-संगमनेरपासून श्रीरामपूर-राहुरीपर्यंतच्या शेतीसाठी आवर्तने सुटू लागली की उतरत जाते. शेंडीच्या बाजूला, भिंतीजवळ, पाणी खोल राहते. रतनवाडीच्या अंगाला, जिथे प्रवरा रतनगडाकडून खाली येते, तिथे मात्र दिवाळीत जिथून बोट निर्धास्त गेली तिथेच उन्हाळ्यात कोरडा उंचवटा दिसू लागतो. हा उंचवटा उघडा पडतो तेव्हा तो धोक्याचा नसतो. उघडा पडण्याआधीचे काही आठवडे तो पाण्याखाली हात-दीड हातावर असतो, ते धोक्याचे. अशा पाण्यातल्या लहान बोटीवर फिश फाइंडर बसवला, तर त्याचा उपयोग मासा दाखवायला कमी आणि बुडाखाली किती पाणी आहे हे सांगायला जास्त. पुढचा सगळा वाद या एका गोष्टीच्या उजेडात वाचावा.

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. बोटीच्या मागच्या फळीला, पाण्याच्या आत, ट्रान्सड्यूसर नावाचा लहानसा ठोकळा असतो. त्यातली सिरॅमिकची चकती विजेचा झटका मिळताच थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. तळावरून परतलेला आवाज तिच्यावर आदळला की तीच चकती उलट किंचित वीज तयार करते. हा आवाज माणसाच्या कानाच्या कितीतरी वरचा, लहान यंत्रांत बहुधा 200 किलोहर्ट्झच्या आसपासचा. पाण्यात तो सेकंदाला जवळजवळ 1500 मीटर धावतो, म्हणजे 30 मीटर खोल तळाला शिवून परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजून यंत्र त्याचे मीटर करून दाखवते. जपानच्या फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये हे तंत्र मच्छीमारांसाठी बाजारात आणले. कोकणच्या यांत्रिक नौकांना ते आता नवे नाही. यंत्राला दोन तारा येतात: एक बॅटरीकडून, एक ट्रान्सड्यूसरकडून. दोन्ही एकाच खोबणीतून जातात, दोन्ही काळ्याच दिसतात, आणि उंदराने कुरतडले, बोट दगडावर ओढताना चिरडले किंवा उन्हाने आवरण तडकले तर दोन्ही बिघडतात. मग प्रश्न येतो: जोडायची की बदलायची?

खाली जो नावाडी बोलतो तो कोणी एक माणूस नव्हे. काठावर, गॅरेजात आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात ऐकू येणारे युक्तिवाद एका तोंडी घातले आहेत, आणि ते मुद्दाम दुबळे केलेले नाहीत.

नावाडी: साहेब, वायर ती वायर. आत तांबं, बाहेर प्लास्टिक. तुटली तर सोलायची, पिळायची, टेप मारायची, झालं. आमच्याकडं विहिरीत पाणबुडी मोटर सोडतात, तिच्या केबलीला जॉइंट असतोच ना? तो जॉइंट वर्षानुवर्षं पाण्याखाली राहतो आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर ओढतो. तुमच्या या पडद्याला त्या मोटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढीसुद्धा वीज लागत नाही. मग इथं कसलं एवढं शास्त्र?

लेखक: दादा, पाणबुडी मोटरचा दाखला चांगला आहे. बॅटरीकडून येणाऱ्या तारेपुरता मी तो जवळजवळ पूर्ण मान्य करतो. त्या तारेत लाल आणि काळी अशा दोन वाटा, 12 व्होल्ट, आणि लहान यंत्र असेल तर अर्धा-एक अँपिअर. तिचे काम यंत्राला पोसणे. ती अर्धवट तुटली तर यंत्र काय करते ते पाहा: पडदा विझतो, लुकलुकतो किंवा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे बिघाड ओरडून सांगतो की मी बिघाड आहे. अशा तारेला जोड द्यायला हरकत नाही, कारण जोड फसला तरी तो फसल्याचे बोटवाल्याला तिथल्या तिथे कळते. पण तुम्ही ज्या जॉइंटचा दाखला दिलात तो निव्वळ पिळून टेप मारलेला नसतो. मोटर विहिरीत सोडणारा जाणता माणूस प्रत्येक वाट वेगळी जोडतो, जोड मागेपुढे ठेवतो, आधी स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळतो आणि मग वरून साधी टेप. हे सगळे तो मोटर पुन्हा वर काढावी लागू नये म्हणून करतो. तेवढी मेहनत बोटीवर केली तर आपला अर्धा वाद संपतो.

नुसते पिळून टेप मारण्यात नेमके काय बिघडते, तेही आकड्यात पाहू. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.02 ओहम. बॅटरी यंत्रापासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे 0.2 ओहम, एक अँपिअरला 0.2 व्होल्ट गळाले. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या तारेत व्होल्टेजची घट 3 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे, 12 व्होल्टला ती 0.36 होते. चांगली तार त्यात बसते. आता त्याच वाटेत एक पिळलेला जोड धरा, ज्याचे तांबे पावसाळ्यात काळे पडून त्यावर हिरवी पुटे चढली आहेत. त्याचा रोध एक ओहम झाला तरी आणखी एक पूर्ण व्होल्ट गेला. बॅटरी ताजी असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. सेल्फ स्टार्टचे इंजिन त्याच बॅटरीवर असेल तर बटण दाबताक्षणी बॅटरी दहा-अकरा व्होल्टपर्यंत खाली बसते, त्यातून जोडाचा व्होल्ट वजा होतो आणि पडदा विझतो. लोक यंत्राला दोष देतात. मल्टिमीटरने मोजायचे तर यंत्र चालू ठेवून, प्लगपाशी मोजावे. बिनभाराच्या तारेवर गंजका जोडही साडेबारा व्होल्ट दाखवतो आणि निर्दोष ठरतो.

म्हणून पोसणारी तार जोडताना कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक धाग्यांची तार घ्यावी, मापाची नळी घालून ती पकडीने दाबून बसवावी, आणि वरून आतल्या बाजूला गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह गरम करून आवळावी. नुसता कथिलाचा डाग पुरत नाही: कथील धाग्यांमधून पुढे सरकते, ते थांबते तिथे तार कडक होते, आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. त्याच मानकात डागाला जोडाचा एकमेव आधार मानू नये असे म्हटले आहे ते यासाठी. फ्यूज बॅटरीजवळ, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवण्याची आपल्याकडची सवय बोटीवर तरी सोडावी. यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची लहान बॅटरी फिश फाइंडरला वेगळी दिली तर इंजिन सुरू करतानाचा खड्डाही जातो आणि इंजिनाच्या वाटेने येणारा विजेचा गोंगाटही बराच कमी होतो. अर्धा अँपिअर ओढणाऱ्या यंत्राला ती कागदावर चौदा तास पुरते. प्रत्यक्षात त्याहून कमी, पण दिवसभराच्या फेऱ्यांना सहसा पुरेशी.

नावाडी: म्हणजे जोड चालतो, हे तुम्ही कबूल केलं. मग दुसऱ्या वायरीनं काय पाप केलं? तिच्यातनं तर करंट आणखी कमी जातो. आणि एक सांगतो, तुमच्या या नियमावल्या समुद्रावरच्या. तिथं खारं पाणी तांबं खातं. इथलं पाणी गोडं. आम्ही हेच पाणी पितो. गोड्या पाण्यात जोडाला काय होतंय?

लेखक: आधी गोड्या पाण्याचे. तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि फरक थोडाथोडका नाही: समुद्राचे पाणी धरणातल्या गोड्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी वीज वाहते, त्यामुळे तांबे खाण्याचा वेगही तिथे फार मोठा. मुंबईच्या ससून डॉकवरचा उघडा जोड आणि शेंडीच्या काठावरचा उघडा जोड एका मापाने मोजणे अन्याय होईल. पण तारेला बुडवणारे पाणीच बिघडवते असे नाही. घाटघर-रतनवाडीचा पट्टा महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. चार महिने हवा ओली, धुके बोटीच्या आत शिरलेले, बोट बंद करून ताडपत्रीखाली ठेवलेली. आवरणाला एक चीर पडली की ओल बारीक धाग्यांच्या फटींमधून आवरणाच्या आत चढत जाते आणि चिरेपासून हातभर लांबचे तांबेही काळे करते. म्हणून तुटलेली तार सोलताना आत काळे दिसले तर चकाकते तांबे लागेपर्यंत मागे कापावे. ताडपत्रीखालच्या त्या चार महिन्यांत उंदरांनाही निवारा मिळतो, हे वेगळे सांगायला नको. गोड्या पाण्याने तुम्हाला वेळ जास्त दिला, अभय दिले नाही.

आता दुसऱ्या तारेचे पाप. करंट कमी आहे हे तुमचे वाक्य खरे आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. ट्रान्सड्यूसरच्या तारेत दोन प्रवास चालतात. जाताना शेकडो व्होल्टचा, क्षणभराचा झटका जातो. येताना तळावरून परतलेला प्रतिध्वनी व्होल्टच्या हजाराव्या, कधी लाखाव्या हिश्श्याएवढा दुबळा होऊन येतो. बाजारातल्या गर्दीत कोणी कानात कुजबुजावे तशी यंत्राची स्थिती: कुजबूज कळायची तर गर्दीला दाराबाहेर ठेवावे लागते. ते दार म्हणजे तारेच्या आतल्या वाटांभोवती विणलेली तांब्याची जाळी किंवा गुंडाळलेला धातूचा पत्रा. इंजिनाच्या स्पार्कचा, चार्जिंगच्या कॉइलचा, बाजूच्या बिल्ज पंपाच्या मोटरचा सगळा विजेचा गोंगाट ही जाळी स्वतःवर घेते. पिळून टेप मारणारा माणूस आतल्या वाटा रंगाला रंग लावून जोडतो, आणि जाळी कचरा समजून कापून टाकतो किंवा दोन्ही टोके तशीच मोकळी सोडतो. त्या इंचभर जागेतून गोंगाट आत येतो. या गोंगाटाचा पाण्याच्या खारेपणाशी काही संबंध नाही; तो भंडारदऱ्यात येतो तसाच मालवणात येतो.

आणि आता ज्यासाठी हा सगळा वाद मांडला तो मुद्दा. पोसणारी तार बिघडली तर यंत्र गप्प होते. ऐकणारी तार बिघडली तर यंत्र बोलतच राहते, फक्त खोटे बोलते. पडद्यावर उभ्या रेघा येतात, त्या माशांच्या थव्यासारख्या दिसू शकतात. तळाची रेघ जाड होते, दुहेरी होते, कधी खऱ्या तळाला सोडून मधल्याच गोंगाटाला तळ समजून त्याचा आकडा दाखवते. काही यंत्रे सुरू होताना ट्रान्सड्यूसर सापडला नाही तर दुकानात दाखवण्यासाठी भरलेले नकली चित्र सुरू करतात: मासे पोहतात, तळ वर-खाली होतो, खोलीचे आकडे बदलतात, आणि बोटीखालच्या पाण्याशी त्यातल्या एकाचाही संबंध नसतो. पडद्याच्या कोपऱ्यात ते नकली असल्याचे लिहिलेले असते, पण उन्हात, घाईत, इंग्रजी बारीक अक्षर कोण वाचतो? दुरुस्तीचा निकष मी यावरून ठरवतो. जोड किती मजबूत, किती स्वस्त, किती सुबक हे नंतरचे. जोड फसला तर तो फसल्याचे कळेल का, हे आधी विचारावे. ज्या तारेचा बिघाड आपोआप उघडा पडतो ती मोकळ्या मनाने जोडावी. ज्या तारेचा बिघाड खऱ्या आकड्याचे रूप घेऊन येतो ती जोडायचीच झाली तर तपासणीची सोय करूनच जोडावी.

नावाडी: बोलायला सोपं आहे. नवीन ट्रान्सड्यूसर आणायचा म्हणजे नाशिकला नाहीतर मुंबईला फोन करा. तिथं म्हणतात, हे मॉडेल बंद झालं, पूर्ण यंत्रच घ्या. तोवर सुट्टीचा हंगाम संपतो. आणि कंपनी पुस्तिकेत लिहिते, केबल कापू नका, जोडू नका. का लिहिते? तिला नवा विकायचा असतो. मोबाइलवाले काय, टीव्हीवाले काय, सगळ्यांचं तेच.

लेखक: हा तुमचा सर्वांत बळकट आक्षेप आहे, आणि तो मी अर्धा नाही, पाऊण मान्य करतो. दुरुस्त होऊ शकणारी वस्तू फेकायला लावणारा व्यापार आहेच, आणि त्याची झळ किनाऱ्यापासून दूर, डोंगरातल्या बोटवाल्याला जास्त बसते. पण कंपनीचा स्वार्थ असला म्हणून तिची सूचना खोटी ठरत नाही. ट्रान्सड्यूसर, त्याची तार आणि यंत्र हे तिघे एकत्र जुळवलेले असतात. तारेची स्वतःची विद्युतधारकता त्या जुळणीत धरलेली असते. म्हणून जास्तीची तार कापून आखूड करू नका असेही सांगतात; उरलेली तार सैल वेटोळे करून बांधावी. ही सूचना भौतिकशास्त्राची आहे. मात्र तिच्यावरून 'जोडलेली तार कधीच चालत नाही' असा निष्कर्ष काढला तर तो कंपनीच्या सोयीचा आहे. इंच-दीड इंचाच्या नीट जोडाने जुळणीत पडणारा फरक क्षुल्लक असतो. बिघडते ते जाळीकडे दुर्लक्ष झाल्याने आणि ओल शिरल्याने. या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

तेव्हा बदलण्याआधी जोडण्याचा प्रयत्न करावा, पण असा. सर्वांत आधी तार खरोखर तुटली आहे का ते पाहावे. पुष्कळदा उंदराने फक्त बाहेरचे आवरण खाल्लेले असते, जाळी आणि आतल्या वाटा शाबूत असतात. अशी तार कापण्यासारखा मूर्खपणा नाही. ती कोरडी करावी आणि प्लगच्या बाजूने गोंदाची स्लीव्ह सरकवता येत नसेल तर स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून दोन-तीन थर गुंडाळावी. आतून तुटली असेल तर यंत्र बंद करून प्लग काढावा, दोन्ही टोके स्वच्छ तांब्यापर्यंत कापावी, आणि प्लगच्या पिनेपासून कापलेल्या टोकापर्यंत प्रत्येक वाट मल्टिमीटरने तपासावी. त्याच तुकड्यात कुठलीही वाट जाळीला चिकटलेली नाही हेही पाहावे. स्लीव्ह आधी तारेवर ओवून ठेवावी, नंतर आठवून उपयोग नसतो. वाटा एकमेकींच्या समोर न आणता मागेपुढे जोडाव्या, रंगाला रंग. प्रत्येकीवर स्वतंत्र बारीक स्लीव्ह. मग जाळीला जाळी स्वतंत्र जोडून तिचे वेष्टन जोडाच्या सबंध लांबीवर पुरे करावे, गरज पडली तर तांब्याची जाळी किंवा धातूची पट्टी वरून गुंडाळून. शेवटी सर्वांवर जाड, गोंदाची स्लीव्ह. इथे वाटा इतक्या बारीक असतात की पकडीने त्या चिरडतात, म्हणून हलका डाग परवडतो; मात्र दोन्ही बाजूंना तार पट्टीने बांधून जोडावरचा ताण काढून घ्यावा. जोड पाण्याच्या रेषेच्या वर, हात पोचेल अशा जागी, इंजिनाच्या आणि बॅटरीच्या तारांपासून वीतभर लांब. खोबणीच्या तळाशी, जिथे पावसाचे पाणी साचते तिथे, कधीही नाही. तार ट्रान्सड्यूसरच्या ठोकळ्याच्या तोंडाशीच तुटली असेल तर तिथे जाळी उलगडायला जागाच नसते आणि तो भाग कायम पाण्यात. अशा वेळी मी जोडाच्या बाजूने बोलणार नाही, नवा ट्रान्सड्यूसर घ्यावा. नवे यंत्रच घेण्याचा सल्ला मिळाला तर आधी तारेचा प्लग आणि पिना जुळणारा दुसरा चालतो का, हे विचारावे.

नावाडी: एवढं सगळं एका आकड्यासाठी? खोली आम्हाला बांबूनं कळते, पाण्याच्या रंगावरनं कळते. आणि खरं सांगू का, बोटी वायरीनं बुडत नाहीत. 2024 च्या मे महिन्यात उजनीत बोट उलटली, सहा माणसं गेली, ती वादळवाऱ्यानं. तिथं फिश फाइंडरनं काय केलं असतं?

लेखक: काहीही केले नसते. उजनीच्या दुर्घटनेने शिकवले ते लाइफ जॅकेटविषयी, आभाळ पाहून फेरी थांबवण्याविषयी आणि बोटीत किती माणसे घ्यावी याविषयी. हातातले पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते जॅकेटवर घालावे. या बाबतीत आपल्यात मतभेदच नाही. बांबू आणि पाण्याचा रंग यांना मी कमी लेखत नाही. फक्त बांबू तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याचा रंग काहीच सांगत नाही, एवढीच त्यांची मर्यादा. पण तुमच्या आक्षेपातून निघणारी दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बोटीवर यंत्र नसेल तर रतनवाडीच्या बाजूला वळताना नावाडी आपोआप वेग कमी करतो, एकाला पुढे बसवतो, बांबू हातात घेतो. यंत्र असेल आणि त्यावर सहा मीटर लिहिलेले असेल तर तो यातले काहीच करत नाही. खोट्या आकड्याचे नुकसान असे होते: तो माणसाची जुनी सावधगिरी काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. म्हणूनच बंद पडदा खोट्या पडद्यापेक्षा बरा. आणि म्हणूनच, ऐकणाऱ्या तारेला जोड देऊन ती तपासायची नसेल, तर यंत्रावर फडके टाकून बांबूने बोट चालवावी, असे मी गंभीरपणे म्हणतो.

तपासणीसाठी तुमचे जुने साधनच लागते. एक न ताणणारी दोरी, टोकाला किलोभर वजन, दर मीटरला रंगीत चिंधी. वारा नसताना, इंजिन बंद करून, ट्रान्सड्यूसरच्या शेजारी दोरी सोडावी आणि तळ लागला की दोरीचा आकडा आणि पडद्याचा आकडा शेजारी शेजारी वाचावा. एकदा दोन-तीन मीटर पाण्यात, एकदा दहा-पंधरा मीटर पाण्यात. तळ सपाट असलेली जागा निवडावी, कारण यंत्र खालच्या बऱ्याच रुंद वर्तुळातून येणारा आवाज ऐकते आणि उतारावर त्यातला सर्वांत उथळ बिंदू दाखवू शकते. मग तिथेच इंजिन सुरू करावे, वेग कमी-जास्त करावा, आणि पडद्याकडे पाहत एका माणसाला जोड हलक्या हाताने हलवायला सांगावे. आकडा जागचा हलला नाही तर जोड बसला असे मानायला हरकत नाही. चाचणी पाण्यातच करावी. ट्रान्सड्यूसर काठावर वाळत ठेवून यंत्र बराच वेळ चालू ठेवले तर तो तापण्याची भीती असते.

नावाडी: आणि दोरीचा नि पडद्याचा आकडा जुळला नाही तर? परत सगळं सोडायचं?

लेखक: लगेच नाही, आकडा कसा चुकतो ते आधी पाहायचे. उथळ पाण्यातही आणि खोल पाण्यातही फरक सारखाच, समजा तीस सेंटिमीटर, येत असेल तर तार निर्दोष आहे: ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली तेवढा बसवला आहे, यंत्र तिथून खालचे मोजते आणि तुमची दोरी पृष्ठभागापासून. यंत्रात ती वाढ भरायची सोय असते. खोलीबरोबर फरक वाढत जात असेल, दहा मीटरला पाव आणि वीस मीटरला अर्धा, तरीही तारेला हात लावू नका; बहुधा यंत्र समुद्राच्या पाण्यासाठी लावलेले आहे. कोमट समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे 1535 मीटर जातो, तितक्याच कोमट गोड्या पाण्यात 1497 च्या आसपास, आणि गोड्या पाण्याची निवड केली की तो अडीच टक्क्यांचा फरक मिटतो. इंजिन बंद असताना जुळणारा आकडा इंजिन सुरू होताच नाचू लागला तर संशय जाळीवर. पण तारा इंजिनाच्या तारांना चिकटून तर जात नाहीत ना, हे आधी पाहा, कारण कधी कधी नुसत्या वीतभर सरकवल्याने काम होते. आणि जोड हलवल्यावर आकडा उडत असेल, किंवा सकाळी जुळलेला दुपारी जुळत नसेल, तर मात्र तो जोड कापून नव्याने करायचा. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर त्या तारेवर तिसरा तास घालवू नका, नाशिकला फोन लावा.